चिकुनगुन्यानंतर पुन्हा धावणं : शून्यापासून की जिथं सोडलं तिथून?

कासवछाप
१९ जानेवारी २०२५, सकाळी ९:४०

आज मुंबईत मॅरेथॉन आहे. आमच्या ग्रुपमधल्या सहाजणी हाफला (अर्ध्या मॅरेथॉनला, २१ किमी) उभ्या आहेत, पहाटेपासून फोटो येतायत. पैसे मीही भरले होते. मी मात्र कर्वेनगरात गरम पाण्याच्या बादलीत पाय बुडवून हे टाइप करतेय.

थोडक्यात इतिहास. वय ४४. पाच वर्षं धावतेय. वेग मिरवण्यासारखा नाही, पण हाफ २ तास १४ मिनिटांत झाली होती आणि आठवड्याला ३५ किमी सहज व्हायचे. सप्टेंबरात ताप आला. पहिल्या दिवशी १०३, दुसऱ्या दिवशी टूथपेस्टचं झाकण फिरवता येईना. तपासणीत चिकुनगुन्या. गेल्या पावसाळ्यात पुण्यात ज्यांच्याकडे हा पाहुणा येऊन गेला त्यांना पुढचं सांगायला नको. ताप आठवड्यात गेला, सांधे धरले ते धरलेच. ऑक्टोबरभर सकाळी पलंगावरून उतरताना टाच जमिनीला टेकवायची भीती वाटायची. भिंत धरून बाथरूमपर्यंत. केसांचा अंबाडा नवरा घालून द्यायचा. (आता त्याला तो माझ्यापेक्षा बरा जमतो.)

सध्या घोटे आणि हाताची बोटं सकाळी पंधरा-वीस मिनिटं आखडलेली असतात, मग सुटतात. सांध्यांच्या डॉक्टरांनी परवानगी दिलीय : “धावा, पण दुखलं तर थांबा.” दुखलं तर म्हणजे किती दुखलं तर, हे विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत आला होता.

गेल्या रविवारी कॅनॉल रोडला गेले. जेमतेम चारशे मीटर झाले असतील, घड्याळात हृदयाचे ठोके १६८. पूर्वी मी दहा किमी १४८ वर करायचे. कठड्यावर बसले आणि दीड किमीवरच्या घरी रिक्षाने आले. रिक्षावाल्याने आधी बूट बघितले, मग टीशर्टवरचं ‘फिनिशर’ वाचलं, आणि काही न बोलता मीटर टाकला.

तर अनुभवी लोकहो, अगदी पहिल्या दिवसासारखी सुरुवात करायची, की पूर्वीच्या निम्म्यापासून? आणि कुठलं दुखणं चालवून घ्यायचं, कुठलं नाही?

सदू_डोंबिवली
१९ जानेवारी, १०:०२

आयडी कासवछाप आणि तरी डास चावला?

(हलके घ्या. लवकर बऱ्या व्हा. माझा धावण्याचा अनुभव सकाळच्या फास्ट लोकलपुरता आहे, त्यामुळे सल्ला नाही.)

टेकडीवाला
१९ जानेवारी, १०:२०

ताई, पहिलं काम म्हणजे घड्याळ ड्रॉवरमध्ये टाका. किल्ली नवऱ्याकडे.

दुसरं, निम्म्यापासून करा. पाच वर्षांचं शरीर एवढ्यात विसरत नाही. दोन किमी, हळू, पण सलग. आठवड्याने अडीच. मी पाठीच्या दुखण्यानंतर असंच केलं, तीन महिन्यांत हनुमान टेकडी पुन्हा चालू.

नाडीपरीक्षा
१९ जानेवारी, दुपारी १:१५

आधी नेहमीचं पालुपद : मी डॉक्टर असलो तरी तुमचा डॉक्टर नाही. इथे लिहितो त्या गप्पा समजा.

१६८ ने घाबरू नका. अंथरुणावर पडून राहिलं की पहिल्या काही दिवसांतच रक्तातला पाण्याचा भाग, म्हणजे प्लाझ्मा, कमी होतो. मग हृदयाच्या एका ठोक्यात कमी रक्त बाहेर पडतं आणि तेवढ्याच कामाला जास्त ठोके लागतात. १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलसला एक प्रयोग झाला होता. विशीतल्या पाच धडधाकट पोरांना तीन आठवडे नुसतं झोपवून ठेवलं. त्यांची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता पाव हिश्शाहून जास्त घसरली. गंमत पुढे आहे. त्याच पाच जणांना तीस वर्षांनी पुन्हा तपासलं, तर तीस वर्षांच्या वयाने जेवढं नुकसान केलं नव्हतं तेवढं त्या तीन आठवड्यांनी केलं होतं. आणि मग पन्नाशीत सहा महिने हळूहळू व्यायाम करून वयामुळे गेलेली क्षमता त्यांनी परत मिळवली. तुम्ही तर चव्वेचाळीसच्याच आहात.

पण हृदय आणि फुफ्फुसं आठवड्यांत सुधारतात. कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडाशी बांधणारे दोर, त्यांना महिने लागतात. म्हणून खरा धोका आत्ता नाही, पाचव्या-सहाव्या आठवड्यात आहे. तेव्हा दम लागेनासा होतो, जुना वेग आठवतो, आणि टाचेचा दोर अजून आजारीच असतो. हे वाक्य लिहून फ्रिजवर लावा.

दुखण्याचा हिशोब मी असा सांगतो : दहापैकी दोन-तीन इतकं दुखत असेल, धावताना वाढत नसेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घोटा नेहमीइतकाच आखडलेला असेल तर चाललंय ते ठीक. सकाळचा आखडलेपणा वीस मिनिटांवरून चाळीसवर गेला, सांधा सुजला, गरम लागला, किंवा दुखण्याने चाल बदलली, तर मागे फिरा. आखडणं रोज अर्ध्या तासाच्या वर जायला लागलं तर पुन्हा सांधेवाल्यांकडे जा. हा आजार काहींच्यात तीन महिन्यांच्या पुढे रेंगाळतो आणि त्याला वेगळे उपचार लागतात. छातीत दुखणं, धडधड, चक्कर यांपैकी काहीही झालं तर धावणं बंद, आधी ईसीजी. आणि हिमोग्लोबिन बघितलंय का?

कासवछाप
१९ जानेवारी, २:०५

डॉक्टरसाहेब, डोळ्यांत पाणी आलं. चार महिन्यांत मला हे कोणी इतकं नीट सांगितलं नव्हतं. हिमोग्लोबिन १०.८. फ्रिजवर वाक्य लावलं, किराण्याच्या यादीशेजारी.

बार्शीकर
१९ जानेवारी, रात्री ८:३०

विषय धावण्याचा आहे, मी आयुष्यात कधी धावलो नाही, पण चिकुनगुन्याशी आमचा घरोबा जुना. १९७३ साली आमच्या बार्शीत याची साथ आली होती. मी सहावीत. त्यानंतर भारतातून हा आजार जवळजवळ गायबच होता, तो थेट २००५-०६ ला परतला. तेव्हा पेपरात नाव वाचलं आणि आई म्हणाली, “अरे, हा तर आपलाच!” नावाचा अर्थही नंतर कळला. आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेत ‘वाकवून टाकणारा’. १९५२-५३ मध्ये टांझानियाकडे (तेव्हाचं टांगानिका) पहिल्यांदा नोंद झाली म्हणे. आमच्या गल्लीत ते नाव कोणाला माहीत नव्हतं, पण वाकलेली माणसं दारोदार होती. तरणीताठी पोरं काठी टेकत चालायची. आम्हा पोरांना ती नक्कल करायला मजा यायची आणि त्यावरून मारही खाल्लाय.

वडील तेव्हा चाळिशीचे. रोज पहाटे भगवंताच्या देवळात पायी जायचा नेम होता. आजारात तो मोडला, याचा त्यांना सांधेदुखीपेक्षा जास्त त्रास. बरं वाटायला लागल्यावर पहिल्या दिवशी निघाले ते कोपऱ्यावरच्या पानपट्टीपर्यंत. तिथल्या बाकड्यावर बसले, मला पाठवून तांब्याभर पाणी मागवलं आणि परत आले. तीन-चार दिवस पानपट्टीच. मग एक दिवस त्यापुढचं सायकलचं दुकान. मग पिठाची गिरणी. गिरणीवर आठवडाभर अडकले. आई विचारायची, “आज कुठवर?” ते म्हणायचे, “गिरणी.” किलोमीटर-बिलोमीटर काही नाही, दुकानागणिक हिशोब. आणि एक, ते रोज पुढचं दुकान गाठायला जात नसत. गेल्या ठिकाणी दोन-तीन दिवस सहज जाता आलं तरच पुढे.

तुमच्या कॅनॉल रोडला दुकानं नसतील तर विजेचे खांब असतीलच की.

सदू_डोंबिवली
१९ जानेवारी, ८:४१

काकांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला आहे. उद्यापासून मी पानपट्टीपर्यंत.

हडसनकाठ
२० जानेवारी, पहाटे ५:५०

बार्शीकरांच्या वडिलांनी जे केलं त्याला आमच्याकडे ‘काउच टू फाइव्ह के’ (सोफ्यापासून पाच किमीपर्यंत) म्हणतात आणि त्याची अ‍ॅपं निघालीत :) जॉश क्लार्क नावाच्या माणसाने १९९६ मध्ये तो नऊ आठवड्यांचा आराखडा केला. पहिल्या आठवड्यात एक मिनिट धावणं, दीड मिनिट चालणं, असं वीस मिनिटं. आठवड्यातून तीनच दिवस.

मी न्यू जर्सीत असतो. कोविडच्या न्यूमोनियानंतर मीही हेच केलं, पण नऊ आठवड्यांचे एकोणीस झाले. तिसरा आठवडा चार वेळा केला. अ‍ॅपमधली बाई दर वेळी त्याच उत्साहाने अभिनंदन करायची, बायको पलीकडून हसायची. कासवछाप, माझं मत ‘शून्यापासून’ला. शून्यावरून निघालात तर वाईटात वाईट काय होईल? चार आठवडे कंटाळा. निम्म्यावरून निघालात तर वाईटात वाईट म्हणजे आणखी चार महिने बादली.

टेकडीवाला
२० जानेवारी, ७:३०

एक मिनिट धावा, दीड मिनिट चाला, याला धावणं कसं म्हणायचं? हे वरातीत चालतं. दोन पावलं पुढे, नाचायला थांबायचं, परत दोन पावलं. मी तरी हळू का होईना, सलग म्हणेन.

कंदीपेढा
२० जानेवारी, ९:१०

टेकडीवाले भाऊ, एकदा साताऱ्याला या. हिल हाफला यवतेश्वरच्या घाटात निम्मं पब्लिक चालतंच की राव. आणि वर जाऊन मेडल त्यांनाच मिळतं. जे सलगच्या नादात पहिल्या तीन किलोमीटरला फुगतात ते उतारावर मांड्या धरून बसलेले दिसतात. आम्ही त्यांना पाणी देतो आणि पेढाबी देतो.

हडसनकाठ
२० जानेवारी, संध्याकाळी ६:१५

@टेकडीवाला, धावत-चालत ही पद्धत जगभर नेली ती जेफ गॅलोवेने. हा गडी १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेला. त्याला चालायची लाज वाटली नाही. मुद्दा असा की दमल्यावर चालायचं नाही, दमायच्या आधीच चालायचं. थकून थांबलं की ती हार वाटते, ठरवून चाललं की तो बेत असतो. कासवछापना रिक्षात बसून रडू आलं असेल ते धावता आलं नाही म्हणून नव्हे, थांबावं लागलं म्हणून.

कासवछाप
२० जानेवारी, ९:००

रडले होते हे मी लिहिलं नव्हतं!

हडसनकाठ
२० जानेवारी, ९:१२

लिहायला कशाला पाहिजे.

गोडाचा_शिरा
२१ जानेवारी, ११:२५

हिमोग्लोबिन १०.८ वर कोणी बोललंच नाही. हळिवाची खीर किंवा लाडू, वर लिंबू पिळलेली पालेभाजी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जेवणानंतरचा चहा बंद. चहाने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. तास-दीड तास जाऊ द्या.

सदू_डोंबिवली
२१ जानेवारी, ११:३१

चिकुनगुन्या परवडला.

गोडाचा_शिरा
२१ जानेवारी, ११:५०

:) डिंकाच्या लाडवांबद्दल मात्र स्वानुभव. बाळंतपणानंतर नव्हे, टायफॉइडनंतर आईने केले. “अंगात ताकद नको का भरायला?” महिन्यात चार किलो भरली, सगळी कमरेभोवती.

नाडीपरीक्षा
२१ जानेवारी, १:४०

चहाचं बरोबर आहे. पण १०.८ नुसत्या खिरीवर सोडू नका. फेरिटिन (अंगातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी) करून घ्या आणि गोळ्या लागतील तर डॉक्टर देतील. लांबलेल्या आजारात लोह साठ्यात असूनही वापरलं जात नाही असंही होतं, आणि सूज असताना फेरिटिन खोटं चांगलं दिसू शकतं. तांबड्या पेशीचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं, तेव्हा रक्त भरून यायलाही तेवढा धीर धरा. टायफॉइडवरून आठवलं : सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीची प्रतिजैविकं घेतली असतील तर टाचेच्या कंडरेला इजा होण्याचा धोका असतो, अमेरिकेत २००८ पासून त्या औषधांवर ठळक इशारा छापतात. धावणाऱ्यांनी डॉक्टरांना आपण धावतो हे आधीच सांगावं.

चौपाटी_ते_चौपाटी
२१ जानेवारी, रात्री १०:५५

निम्म्यापासून की शून्यापासून यावर वाद चालूच आहे तर माझं पाप सांगून टाकतो.

मागे एकदा ऑक्टोबरच्या शेवटी डेंगी. प्लेटलेट अठरा हजारांपर्यंत खाली, चार दिवस हॉस्पिटल, घरून पपईच्या पानांच्या रसाचा मारा. डिस्चार्जनंतर दर दोन दिवसांनी प्लेटलेट मोजायचो. दीड लाखावर गेले आणि माझ्या डोक्यात बसलं, झालो बरा. प्लेटलेटचा आकडा म्हणजे जणू फिटनेसचं सर्टिफिकेट. तिसऱ्या आठवड्यात दहा किमी. डिसेंबरात अठरा. जानेवारीत हाफ.

सी लिंकवर मी हवेत होतो. गार वारा, उजाडत होतं, पूर्वीचाच वेग. हाजी अलीनंतर पाय जड झाले. पेडर रोडच्या चढावर दोन्ही बाजूंनी लोक बिस्किटं, संत्र्याच्या फोडी घेऊन उभे असतात, नावाने हाका मारतात. एका आजींनी माझ्या हातात चिक्की ठेवली. ती तोंडापर्यंत नेता येईना. पुढचं आठवतं ते एकदम फुटपाथ, आणि कोणीतरी माझे पाय वर धरलेत. मग आठ महिने सुट्टी. हृदयाच्या स्नायूला सूज असल्याचा संशय होता, एमआरआय केला, नशिबाने हलक्यावर निभावलं. बायको पहिले दोन महिने माझ्याशी त्या विषयावर बोलली नाही. तिचं म्हणणं एवढंच होतं की चिक्की देणाऱ्या बाईला काय वाटलं असेल.

ताई, शून्यापासून. उणे पाचापासून केलंत तरी चालेल.

नाडीपरीक्षा
२१ जानेवारी, ११:२०

@चौपाटी, लिहिलंत हे फार बरं केलंत. हृदयाच्या स्नायूची सूज खरोखर निघाली तर तीन ते सहा महिने स्पर्धा पूर्ण बंद ठेवायला सांगतात, मग सगळं तपासून पुन्हा सुरुवात. ‘तापात घाम काढला की बरं वाटतं’ हे जे लोक म्हणतात त्यांना हा प्रतिसाद दाखवायला हवा.

स्पष्टवक्ता
२२ जानेवारी, ८:०५

मुळात चाळिशीनंतर धावायचंच कशाला? गुडघ्यांच्या वाट्या झिजतात. आपले आजोबा कुठे धावायचे? ते नव्वद जगले. सगळं परदेशी फॅड.

कंदीपेढा
२२ जानेवारी, ८:३०

आमचे आजोबा रोज रानात आठ मैल जायचे-यायचे. तुमचे कुठं राहायचे?

नाडीपरीक्षा
२२ जानेवारी, ९:४५

२०१७ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला होता. गुडघा-खुब्याची झीज हौशी धावणाऱ्यांत साडेतीन टक्के, बैठ्या लोकांत दहा टक्क्यांच्या थोडी वर. स्पर्धात्मक धावणाऱ्यांत मात्र तेरा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे स्पष्टवक्ते अगदीच चुकीचे नाहीत, फक्त चुकीच्या माणसांना सांगतायत.

पोळीभाजी
२२ जानेवारी, ३:२०

एक वेगळा मुद्दा. कासवछाप, तू आजारी होतीस तेव्हा घरी डबे कोण करत होतं, आणि आता कोण करतंय?

मला विचारायचं कारण, माझ्या गर्भाशयाच्या ऑपरेशननंतर सहा आठवडे सगळ्यांनी मला फुलासारखं जपलं. सातव्या आठवड्यात मी पाच मिनिटं चालून आले आणि घरादाराने ठरवलं, आई बरी झाली. पोळ्या, सासूबाईंची औषधं, क्लासची ने-आण, सगळं एका दिवसात परत. परत आला नाही तो फक्त पहाटेचा माझा पाऊण तास. तो कोणाला आठवलाच नाही. इथे सगळे ठोके मोजतायत, पण बायकांच्या बाबतीत अर्धी गोष्ट तिथेच अडते. ‘बरी’ झालीस हे जाहीर करायची घाई करू नकोस.

कासवछाप
२२ जानेवारी, रात्री १०:१०

पोळीभाजी, अगं बरोब्बर. आमच्याकडे पोळ्यांना बाई लावली होती, या महिन्यात बंद करायचा विषय निघाला होता. आज तुझा प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिला. बाई मार्चपर्यंत राहणार आहेत.

१८०_वजा
२३ जानेवारी, ७:००

कुणी मॅफेटोन या प्रशिक्षकाचं ठोक्यांचं सूत्र सांगितलं नाही म्हणून सांगतो. १८० वजा वय. मोठ्या आजारातून उठत असाल तर आणखी १० वजा. म्हणजे १८० - ४४ - १० = १२६. ठोके याच्या वर जाऊ द्यायचे नाहीत.

कासवछाप
२३ जानेवारी, ७:४०

१२६? माझे १२६ मुलाची गणिताची वही उघडली की होतात.

टेकडीवाला
२३ जानेवारी, ८:१५

घड्याळ ड्रॉवरमध्ये टाका म्हटलं होतं मी! दमाचा सोपा हिशोब : धावताना २९चा पाढा मोठ्याने म्हणता आला पाहिजे.

सदू_डोंबिवली
२३ जानेवारी, ८:१९

मला बसूनही येत नाही. म्हणजे मी कायम ओव्हरट्रेन्ड.

उकिडवा
२३ जानेवारी, ६:३०

फिजिओथेरपीत आहे, नावावरून ओळखलं असेलच. घोट्यांसाठी घरच्या घरी बघायच्या गोष्टी : टाचा जमिनीला टेकवून उकिडवं बसता येतं का? एका पायावर उभं राहून टाच उचलायची, वीसेक वेळा जमतं का, आणि दोन्ही पायांत फरक किती? जिना उतरताना पावलं आवाज न करता पडतात का? धावताना प्रत्येक पाऊल म्हणजे एका पायावर घेतलेली छोटी उडी असते. ती उडी जागच्या जागी जमत नाही तोवर रस्त्यावर हजार वेळा मारू नका. आधी दोन-तीन आठवडे भिंत धरून टाचा उचलणं आणि भरभर चालणं करा. तीस मिनिटं भरभर चालून दुसऱ्या दिवशी कुरकुर नसेल तर एक-एक मिनिटाचं धावणं.

कासवछाप
९ फेब्रुवारी, सकाळी ८:५०

प्रगतिपुस्तक. फेरिटिन कमी निघालं, गोळ्या सुरू. जेवणानंतरचा चहा बंद आहे (शिरा, तुला शाप). पहिल्या दिवशी डाव्या पायावर टाच सहा वेळा उचलता आली, उजव्यावर चौदा. आता अकरा आणि अठरा. उकिडवं बसते, पण उठताना ओट्याचा आधार लागतो.

घड्याळ काढून ठेवलंय. कॅनॉल रोडला खांब मोजते. एक खांब धावत, दोन चालत. सध्या अकराव्या खांबावर परत फिरते. तिथे एक पिवळी कुत्री पिल्लं घेऊन असते, तिला आता माझी सवय झालीय. पहिल्या दिवशी भुंकली होती. बहुतेक एवढ्या हळू धावणारं माणूस तिने पाहिलं नसावं.

बार्शीकर
९ फेब्रुवारी, ९:३०

अकरावा खांब ही तुमची गिरणी.

टेकडीवाला
९ फेब्रुवारी, १०:००

एक खांब-दोन खांब ठीक आहे म्हणायचं. मत बदललेलं नाही, पण वाद घालत नाही.

कासवछाप
९ मार्च, रात्री ९:३५

शिव्या खायला आलेय.

सहावा आठवडा. दम अजिबात लागत नव्हता. दोन खांब धावत, एक चालत, असं आरामात जमत होतं. महिला दिनाच्या निमित्ताने काल ग्रुपची पाच किमीची मजेची रन होती. मी नुसती टाळ्या वाजवायला गेले होते. कोणीतरी म्हणालं, “चल गं, गप्पा मारत जाऊ.” गप्पा पहिल्या किलोमीटरला संपल्या. पाच किमी सलग, ३४ मिनिटं. घड्याळ? हो, घातलं होतं. फोटोसाठी.

शेवटी मिठ्या मारताना इतकं छान वाटत होतं की काय सांगू. आज सकाळी डावी टाच ऑक्टोबरसारखी. भिंत धरून बाथरूम. आणि फ्रिजमधून दूध काढताना समोर तुमचं वाक्य, डॉक्टर.

नाडीपरीक्षा
९ मार्च, १०:१०

शिव्या नाहीत. ते वाक्य मी लिहिलं कारण सगळे तिथेच पडतात. दोन्ही सांध्यांना सूज आहे की एकाच टाचेच्या दोराला दुखतंय? एकाच बाजूला असेल तर तो बहुधा जादा भाराचा हिशोब आहे, आजार उलटलेला नाही. पण एकदा दाखवून घ्या.

उकिडवा
९ मार्च, १०:३०

डावीच! अकरा आणि अठरा आठवतंय ना? ती बाजू आधीच सांगत होती. पूर्ण झोपू नका, त्यानेही दोर सैलावतो. उडी-धाव बंद, सपाटीवर चालणं दुखण्याच्या बेताने चालू, टाच उचलणं दोन्ही पायांवर मिळून. आधी दाखवून या, मग दहा दिवसांनी बोलू.

हडसनकाठ
१० मार्च, ५:२०

माझा तिसरा आठवडा चार वेळा का झाला असं वाटतं?

टेकडीवाला
१० मार्च, ७:१०

ताई, चूक माझीपण. मी सुरुवातीला ‘सलग’ म्हणालो होतो. माझी पाठ दुखत होती, सांधे आजारी नव्हते. दोन्ही एकच धरलं मी.

पोळीभाजी
१० मार्च, १०:४०

पोळ्यांच्या बाईंची मुदत वाढव.

कासवछाप
२० एप्रिल, सकाळी ७:५५

डॉक्टरांना दाखवलं. सांधे शांत आहेत, डाव्या टाचेचा दोरच चिडला होता. तीन आठवडे फक्त चालणं आणि टाचा उचलणं. मग पुन्हा एक खांब धावत, दोन चालत, थेट पहिल्या खांबापासून. हिमोग्लोबिन १२.१. टाचा डावीकडे एकोणीस, उजवीकडे बावीस. सकाळचं आखडणं आता चहा उकळेपर्यंत संपतं.

मूळ प्रश्न मीच विचारला होता, तर माझ्यापुरतं उत्तर : शून्यापासून, आणि तेही दोनदा. पाच वर्षांचं धावणं कुठे गेलं नाही हे टेकडीवाल्यांचंही खरं आहे, पण ते दमात आणि डोक्यात शिल्लक होतं, घोट्यात नव्हतं. पुढच्या जानेवारीची नोंदणी या वर्षी करणार नाहीये.

आज बाविसाव्या खांबापर्यंत गेले, म्हणजे कॅनॉलवरच्या पुलापर्यंत. पिल्लं मोठी झालीत, दोन माझ्यामागे तीन खांब धावली आणि मग चालायला लागली.

कंदीपेढा
२० एप्रिल, ८:२०

पिल्लांनाबी गॅलोवे कळला.

चौपाटी_ते_चौपाटी
२० एप्रिल, ९:०५

बाविसावा खांब! अभिनंदन. बार्शीकर काका, एक विचारायचं राहिलंय जानेवारीपासून. तुमचे वडील भगवंताच्या देवळापर्यंत शेवटी पोचले का? किती दिवसांनी?

बार्शीकर
२० एप्रिल, रात्री ८:१५

पोचले. दिवस मोजले नव्हते, पण गिरणीनंतर बराच काळ गेला. मी सोबत होतो. आत जाऊन हात जोडले, पायरीवर बसले, बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं आता तसेच चालत परत जाऊ, नेम पुरा झाला म्हणून.

उठले आणि टांगा केला.